कोयनेची भेग आणि आमचा सीमाभाग

1967 हे साल सीमाभागात आठवले जाते ते महाजन आयोगासाठी. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल दिला. निपाणी महाराष्ट्रात जावी, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे, असे त्यात होते. नकाशावरची रेघ कुठून जाणार, कोणाचे गाव कोणत्या बाजूला पडणार, या प्रश्नाने त्या वर्षी आमचा सारा मुलूख व्यापून टाकला होता. आणि वर्ष संपता संपता, 11 डिसेंबरला, सोमवारी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी जमिनीनेच एक रेघ ओढली. ती निपाणीपासून वायव्येला सुमारे 130 किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या डोंगरांत होती. तिची लांबी पंधरा-वीस किलोमीटरच्या घरातली, पण तिचा हादरा मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि थेट गोव्यापर्यंत पोहोचला.

तोच कोयनेचा भूकंप.

पहिल्या रेघेवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. दुसऱ्या रेघेविषयी सीमाभागात फारसे कोणी लिहीत नाही, कारण ती 'तिकडची' वाटते. ती तिकडची नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव इथल्या माणसाला आयुष्यात जो भूकंप जाणवण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, तो त्याच पट्ट्यातून येतो. म्हणून ही हकीकत आपलीही आहे.

कोयना प्रकल्प आकाराला येऊ लागला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो म्हैसूर राज्यात गेला. धरणाचे काम पाटणच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन कुशीत चालू राहिले. पूर्वेकडे वाहणारी कोयना अडवायची, तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे सोडायचे आणि त्या पडत्या पाण्यावर वीज करायची, अशी ती मोठी योजना होती. धरणाची उंची 103 मीटर. शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लगेचच आसपासच्या गावांतल्या लोकांना लहान लहान धक्के जाणवू लागले. धक्क्याबरोबर आवाज यायचा, लांब कुठेतरी सुरुंग उडवावा तसा. बांधकामाच्या परिसरात राहणाऱ्यांना सुरुंगाचा आवाज नवा नव्हता, पण हा जमिनीतून येत होता.

त्या वेळच्या तंत्रज्ञांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही, हे आवर्जून सांगायला हवे. कोयना, सातारा, महाबळेश्वर आणि गोवळकोट इथे भूकंपमापक यंत्रे बसली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ नोंदी तपासत होते. धक्क्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपासच दाटलेली आहेत, हे त्यांना दिसत होते. 13 सप्टेंबर 1967 ला पाचाच्या पुढचा एक मोठा धक्का बसला. तरीही डिसेंबरात जे होणार होते त्याचा अंदाज कोणाला नव्हता, कारण दख्खनच्या पठारावर असा भूकंप होतो हेच तोवर शास्त्राला फारसे मान्य नव्हते. पठार म्हणजे स्थिर, हिमालय म्हणजे अस्थिर, अशी साधी वाटणी होती.

मार्गशीर्षातली थंडी, घराघरांची दारे बंद, माणसे गाढ झोपेत. 6.3 रिश्टरचा धक्का बसला आणि कोयनानगरची वसाहत काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. बहुतेक घरांची पडझड झाली. दोनशेच्या आसपास माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईचे कारखाने अंधारात गेले.

पण त्या काही सेकंदांत नेमके घडले काय? इथे जरा थांबायला हवे, कारण भूकंपाविषयी आपल्या डोक्यातले चित्रच मुळात चुकीचे असते. वर्तमानपत्रात नकाशा छापतात, त्यावर एक ठिपका असतो आणि ठिपक्याभोवती वर्तुळे. जणू जमिनीखाली एखादा बॉम्ब फुटला. भूकंप हा ठिपका नसतो. तो फाटण्याचा प्रकार आहे. जुने लुगडे दोन हातांत धरून ताणले की कुठेतरी एका विरलेल्या जागी ते टचकन सुटते आणि मग फाट सरसर पुढे धावते, जाड शिवण किंवा काठ आडवा येईपर्यंत. ठिपका म्हणजे फक्त पहिला धागा तुटला ती जागा. भूकंप म्हणजे ती सगळी फाट.

खडकात ही फाट जुन्या भेगेवरूनच जाते. भूशास्त्रात त्या भेगेला भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट घासून अडकलेले असतात, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे ताण चढत असतो. उसाचे कांडे गुडघ्यावर वाकवत न्यावे तसे खडक वाकत जातात. कांडे जिथे कच्चे तिथे मोडते आणि वाकलेले दोन्ही तुकडे झटक्यात सरळ होतात. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे सूत्र मांडले आणि ते आजही पायाभूत मानले जाते. खडक सरळ होताना जी शक्ती सुटते तिच्याच लाटा होतात, आणि त्या लाटा म्हणजे आपल्याला बसणारा धक्का. फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावते. सहाच्या पुढच्या भूकंपात ती पंधरा-वीस किलोमीटर गेली तर सगळा कारभार सहा-आठ सेकंदांत आटोपतो. घड्याळात इतका थोडा वेळ, पण भिंतीखाली सापडलेल्याला तो किती लांब वाटत असेल!

कोयनेला ही फाट उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक नंतर डोंगर-दऱ्यांतून फिरले तेव्हा डोणीचावाडा आणि आसपासच्या गावांत जमिनीला पडलेल्या भेगा त्यांना सापडल्या. एकच सलग भेग नव्हे, तर तिरप्या तिरप्या तुटक भेगांची रांग, जशी जिन्याच्या पायऱ्यांची. खालच्या खडकाचे दोन भाग आडवे सरकले की वरच्या मातीत अशीच नक्षी उमटते. हालचाल डाव्या बाजूची होती, म्हणजे भेगेच्या अलीकडे उभे राहून पलीकडे पाहिले तर पलीकडची जमीन डावीकडे सरकलेली दिसते. या भ्रंशाला पुढे त्या गावाचेच नाव मिळाले आणि आज जगभरच्या भूकंपशास्त्राच्या लेखनात ते नाव येते.

आता धरणाकडे. सीमाभागाचा श्वास त्या दिवशी खरा इथेच अडकला असता.

कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिथून ते पाणी सांगलीवरून, नृसिंहवाडीवरून खाली येते आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यात शिरते. यडूर, मग चिकोडी, रायबाग, अथणीचा काठ. पानशेत फुटून पुणे बुडाले ते 12 जुलै 1961 ला, म्हणजे अवघी साडेसहा वर्षे आधी. शिवाजीसागर पानशेतच्या कितीतरी पट मोठा. 103 मीटरची भिंत त्या पहाटे कोसळली असती तर कृष्णाकाठचे काय झाले असते, याची कल्पना करायला भूगोलाचे पुस्तक लागत नाही.

भिंत टिकली. पण तिला तडे गेले. धरणाच्या वरच्या भागात, जिथे भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो, तिथे उंच खंडांमध्ये आडव्या चिरा पडल्या आणि काही ठिकाणी पाणी झिरपू लागले. यामागचा आकडा प्रत्येक अभियंत्याने पाठ करावा असा आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. धरणाच्या तळातल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे नोंदवलेला जोर धरणाच्या लांबीच्या दिशेने 63 टक्के आणि आडव्या दिशेने 49 टक्के होता. अपेक्षेच्या दहा-बारा पट. बांधणाऱ्यांचे कौतुक करायचे तर इथे करावे. गृहीत धरलेले गणित इतके चुकूनही भिंत उभी राहिली, कारण काम प्रामाणिक होते. पुढे उंच खंडांना मागून काँक्रीटचा भक्कम आधार देऊन धरण मजबूत केले गेले. त्या यंत्राच्या नोंदीचे काय झाले, तर जगात कुठेही काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम तपासायचा असला की संशोधक आजही कोयनेची ती नोंद वापरतात.

मग वाद उठला. धरणामुळे भूकंप झाला का? युनेस्कोने तज्ज्ञांची समिती पाठवली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे आयुष्यभर लागले. अमेरिकेत हूवर धरणामागच्या मीड सरोवराजवळ 1930 च्या दशकात धक्के सुरू झाले होते. चीनमध्ये शिनफेंगजियांग 1962 ला, आफ्रिकेत झांबेझी नदीवरचे करिबा 1963 ला आणि ग्रीसमध्ये क्रेमास्ता 1966 ला सहाच्या पुढे गेले. कोयना या मालिकेतली सर्वांत मोठी ठरली. जलाशयाने छेडलेला त्याहून मोठा निर्विवाद भूकंप जगात अजून झालेला नाही.

'छेडलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाणी भूकंप निर्माण करत नाही. ताण आधीपासून खडकात असतो, हजारो वर्षांचा साठलेला. जलाशयाचे वजन तो किंचित वाढवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी फटीफटींतून खोल झिरपते आणि भ्रंशाच्या दोन्ही पाखांना आतून ढकलून त्यांची पकड ढिली करते. पाणी किती उंचीपर्यंत चढले, किती वेगाने चढले आणि किती काळ तिथे राहिले, या तिन्हींवर धक्क्यांची संख्या अवलंबून असते, हे कोयनेच्या नोंदींनी दाखवून दिले. पण जिथे भ्रंश तुटायच्या बेतात आलेलाच नाही तिथे कितीही पाणी साठवा, काही होत नाही. आमच्या जिल्ह्यात घटप्रभेवर हिडकल आणि मलप्रभेवर नविलुतीर्थ ही मोठी धरणे गेली कित्येक दशके भरत-रिकामी होत आली आहेत, पण तिथे कोयनेसारखी मालिका सुरू झाली नाही. दोष पाण्याला देऊन मोकळे होणे सोपे, पण खरी गोष्ट भेगेची आहे.

आणि भेग थांबलेली नाही. कोयनेच्या दक्षिणेला साधारण 20 गुणिले 30 किलोमीटरचा एक पट्टा आहे, तिथे 1967 पासून आजवर पाचाच्या पुढचे वीसहून अधिक भूकंप झाले. 1973, 1980, 1993-94, 2000, 2005, हे त्यातले ठळक टप्पे. चाराच्या पुढचे दोनशेच्या घरात, आणि लहान तर हजारोंनी. 1985 पासून वारणेवर चांदोलीच्या धरणात पाणी साठू लागले आणि त्यानंतर हालचालीचा भर दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकला. याचा आपल्यापुरता सरळ अर्थ असा की केंद्र निपाणीपासून 130 किलोमीटर होते ते शंभराच्या आत आले. कोल्हापुरात आणि आपल्याकडे अधूनमधून रात्री खिडक्यांच्या काचा थरथरतात त्यातले बरेचसे धक्के याच पट्ट्यातले.

या पट्ट्याची एक दिलासा देणारी बाजूही आहे. लहान लुगड्यात मोठी फाट पडत नाही. भूकंप किती मोठा होईल हे फाटायला किती लांब भेग मिळते यावर ठरते. रिश्टरचा आकडा एकाने वाढला तर सुटणारी शक्ती सुमारे 32 पटींनी वाढते. 2001 सालचा भूजचा भूकंप 7.7 चा, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ सव्वाशे पट. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात 7.8 चा भूकंप झाला तेव्हा काय झाले ते पाहा. फाट एका बाजूच्या छोट्या भ्रंशावर सुरू झाली, तिथून पूर्व अनातोलियाच्या मुख्य भ्रंशावर चढली आणि दोन्ही दिशांना मिळून 300 किलोमीटरहून अधिक धावली. नकाशातल्या ठिपक्यापासून शंभर किलोमीटरहून दूर असलेले अंताक्या शहर उद्ध्वस्त झाले, कारण फाट त्याच्या वेशीपर्यंत येऊन थांबली होती. आणि तेवढ्यावर भागले नाही. एका भ्रंशावरचा उतरलेला ताण शेजारच्या भ्रंशावर चढला आणि सुमारे नऊ तासांनी 7.5 चा दुसरा भूकंप झाला. त्याच देशात उत्तर अनातोलियाच्या भ्रंशावर 1939 पासून 1999 पर्यंत मोठे भूकंप बहुतांशी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले, जणू एकाने दुसऱ्याला हाक द्यावी. भूकंपाचे अंतर ठिपक्यापासून मोजायचे नसते, भेगेपासून मोजायचे असते, हे कोयनेपेक्षाही तुर्कस्तानने जगाला शिकवले.

आपल्या सह्याद्रीत अशी तीनशे किलोमीटर धावणारी जिवंत भेग नाही. पण आपल्या खाली काय आहे ते पाहणे अवघडही आहे. कारण आपण झाकणावर बसलो आहोत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांनी जुनी जमीन आणि तिच्यातल्या जुन्या भेगा झाकून टाकल्या. हे झाकण आमच्या भागात संपते. निपाणीची काळी तंबाखूची माती त्या लाव्ह्याच्या खडकातूनच झालेली. तवंदीचा घाट उतरून संकेश्वरवरून गोकाककडे गेलात की दगड बदलतो. गोकाकची घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते तो बेसाल्ट नव्हे, तो त्याहून कितीतरी जुना, वाळूचा घट्ट झालेला, कलादगीचा दगड. लाखो नव्हे, अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा. बागलकोटकडे या थरांना घड्या पडल्या आहेत आणि भ्रंशांनी ते तोडले आहेत. बेळगावच्या दक्षिणेला त्याहून जुने धारवाडचे खडक उघडे पडतात. दख्खनचे झाकण आणि त्याखालचा संसार एकाच दिवसाच्या प्रवासात पाहायला मिळावा अशा फार थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक.

कोयनेला झाकणाखाली पाहायला शेवटी भोकच पाडावे लागले. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ खास प्रयोगशाळा उभारली. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीच्या विंधन विहिरी घेतल्या, त्यांत खोलवर यंत्रे सोडली, आणि 2017 मध्ये गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण केले. लाव्ह्याचा थर तिथे किलोमीटरभराहून जाड निघाला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. भ्रंश जिथे तुटतो त्याच्या जवळ जाऊन त्याची नाडी बघायची, हा त्यामागचा उद्देश. जगात अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

नकाशाची कथा सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. भारताचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा पहिला अधिकृत नकाशा 1962 चा. 1966 मध्ये तो सुधारला. दोन्हींत दख्खन सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रांत. मग कोयना झाले आणि 1970 च्या नकाशात कोयनेभोवती चौथ्या क्षेत्राचा पट्टा आला. लातूर मात्र पहिल्याच क्षेत्रात राहिले, म्हणजे सर्वांत सुरक्षित. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन उसळली. 6.2 चा भूकंप, म्हणजे कोयनेपेक्षा किंचित लहानच. पण माणसे गेली आठ हजारांच्या आसपास. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, तिथे धक्के बसले होते, आवाज आले होते, लोक घाबरले होते. त्यानंतर 2002 मध्ये नकाशा पुन्हा काढला, पहिले क्षेत्रच रद्द केले. त्या नकाशात बेळगाव, कोल्हापूर, धारवाड, गोवा हे सगळे तिसऱ्या क्षेत्रात होते.

हा नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला आहे. ज्यांनी तो काढला त्यांना मी दोष देत नाही. पठारावरच्या भेगा हजारो वर्षांतून एकदा जाग्या होतात. आपल्या बखरी, कैफियती, इंग्रजांची गॅझेटिअरे, सगळे मिळून काही शतकांचा जमाखर्च. किल्लारीची भेग त्यात कुठून सापडणार? म्हणून 'आपल्याकडे कधी झाला नाही' या वाक्याला काही अर्थ नाही, हे 1993 ने फार महाग शिकवले. जुलै 2022 मध्ये विजापूर जिल्ह्यात चाराच्या पुढचा धक्का बसला आणि तो सोलापूर-सांगलीपर्यंत जाणवला. नुकसान फारसे झाले नाही. पण आपल्या पूर्वेलाही जमीन अगदीच निजलेली नाही, एवढे त्यातून कळले.

कोयनेपेक्षा किल्लारीत चाळीस पटींनी माणसे का मेली? भूकंप थोडा लहान, पण केंद्र दाट वस्तीच्या खाली, आणि घरे तशी. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि बारीक खडी. दोन्ही पाखांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मातीचे माळवद, दर पावसाळ्यात भर घालून टनावारी वजन झालेले. भिंत हलली की दोन्ही पाखे सुटली आणि छप्पर झोपलेल्यांवर आले. अशा भिंती आपल्या गावांत नाहीत असे म्हणवत नाही. निपाणी-चिकोडी भागात जुने वाडे आहेत, मातीत बांधलेल्या दगडी भिंती आहेत, उंच भिंतींच्या तंबाखूच्या वखारी आहेत, ज्यांना मध्ये कुठे आडवा आधार नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात भिजून कितीतरी मातीच्या भिंती पडल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांत पाणी मुरून गेले आहे. त्या भिंती कोणीतरी एकदा हाताने ठोकून पाहायला हव्यात.

आणि नवी घरेही निर्धास्त नाहीत. भूजच्या वेळी केंद्रापासून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये नव्या अपार्टमेंट कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. भूज आधीपासून पाचव्या, म्हणजे सर्वोच्च धोक्याच्या क्षेत्रातच होते. नकाशा बरोबर होता, इमारती चुकल्या. खाली वाहनांसाठी सगळा मजला मोकळा, बारीक खांबांवर वरचे तीन-चार मजले, ही रचना आज बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत आणि निपाणीच्या हमरस्त्याला दोन्ही अंगांनी दिसते. धक्क्यात ज्या मजल्याला भिंती नाहीत तो आधी जातो. काळ्या मातीच्या गाळवट जागेत लाटा फुगतात आणि टणक खडकावरच्यापेक्षा जास्त हलवतात, हेही बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या क्षेत्रात इमारत भूकंपाचा विचार करून बांधणे बंधनकारक आहे. खांबांतल्या आणि तुळयांतल्या लोखंडाची रचना कशी असावी याचे भारतीय मानक आहे, आयएस 13920, आणि ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्षेत्रांना लागू आहे. त्यातली एक साधी गोष्ट कोणालाही उभ्या-उभ्या तपासता येते. खांबाच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोके काटकोनात वळवून सोडायची नाहीत. ती 135 अंशांत, खांबाच्या पोटात आत वळवायची. काटकोनातले टोक हादऱ्यात उघडते, सळया बाहेर फाकतात आणि खांब बसतो. आत वळवलेले टोक धरून राहते. खर्च जवळजवळ तेवढाच. फरक फक्त वळवणाऱ्याच्या हाताला लावलेल्या सवयीचा.

तुम्ही निपाणीत, संकेश्वरात, बेळगावात घर बांधत असाल तर खांब भरण्याच्या आधी एक दिवस स्वतः जा. काँक्रीट ओतण्यापूर्वी खांबाजवळ उभे राहा, रिंगेचे टोक बोटाने चाचपून पाहा, आणि ते आत वळलेले नसेल तर काम थांबवा.